क्वीन्सटाउनचा फ्रेंच विनोदी नट

निशिकांत पेंडसे हे ‘फ्रेंच विनोदी नट आणि चित्रपट अभिनेते’ आहेत, असं सिंगापूरच्या महाराष्ट्रीय मंडळींनी एका कापडी फलकावर वीतभर उंचीच्या अक्षरांत छापून घेतलं होतं. त्यातलं फ्रेंच खोटं, विनोदी वादग्रस्त आणि चित्रपट अभिनेता हे निव्वळ दयाबुद्धीने लिहिलेलं, असं निशिकांत स्वतःच सांगतो. तो फलक अजून त्याच्या घरात आहे. पावसाची झड आली की उल्का तो बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टाकते.

वय चौपन्न. मूळचा पुण्याच्या एरंडवण्याचा. नोकरी सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना नम्रपणे कळवण्याची. एम्प्लॉयमेंट पासवर आला तेव्हा डोक्यावर दाट केस होते, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळेपर्यंत ते गेले. अलेक्झांड्रा भागातल्या ऑफिसला चालत जाता यावं म्हणून क्वीन्सटाउनमध्ये बाराव्या मजल्यावर जुना फ्लॅट घेतला, आणि पहिल्या आठवड्यानंतर तो कधीही चालत गेला नाही. घरात बायको उल्का आणि सतरा वर्षांची मुलगी अश्लेषा. अश्लेषाला मराठी सगळं कळतं. ती उत्तर मात्र इंग्रजीत देते, आणि वाक्याच्या शेवटी एक ‘लाह’ टाकून विषय बंद करते.

निशिकांतची नाट्यकारकीर्द इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात घडली. सोळा वर्षांत सोळा नाटकं, आणि सोळाही वेळा तो एकतर गडी होता, नाहीतर विसरभोळा मामा. एका वर्षी त्याला नायकाचं काम दिलं होतं. त्याने पहिल्या प्रवेशात नायिकेचा हात हातात घेतला आणि प्रेक्षक असे काही हसले की मध्यंतरात दिग्दर्शकाने भूमिका बदलल्या आणि तो पुन्हा गडी झाला. त्याची सगळी कला तीन गोष्टींत मावते. आधी घसा खाकरायचा, मग भुवया वर न्यायच्या, मग थांबायचं. थांबला की लोक हसतात. आपल्याला चौथी गोष्ट येत नाही, हे त्याने मंडळाला सोळा वर्षं कळू दिलं नव्हतं.

चित्रपट कारकीर्द याहून थोर. सिनेमातल्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या माणसांना इथे ‘कॅलेफे’ म्हणतात, आणि निशिकांत हा हौशी कॅलेफे. पहिल्या चित्रपटात हॉकर सेंटरमध्ये नूडल्स खाणारं त्याचं कोपर दिसलं. दुसऱ्यात एमआरटीच्या फलाटावर त्याची पाठ दिसली. तिसऱ्यात तो डॉक्टर होता, पण तोंडाला मास्क होता. हे तिन्ही चित्रपट त्याने घरच्यांना दाखवले, आणि प्रत्येक वेळी पडद्याजवळ जाऊन ‘हा मी’ असं बोट ठेवून सांगावं लागलं.

आता उल्काबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट निशिकांतची असली तरी तिचा जीव उल्कापाशी अडकलेला आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी सकाळी उल्काच्या भावाचा, सुबोधचा, पुण्याहून फोन आला. तिची आई गेली होती. फोनवर ऐकून ती कोसळेल, म्हणून त्याने निशिकांतला फोन केला आणि म्हणाला, तुम्ही समोर आहात, तुम्हीच सांगा. उल्का स्वयंपाकघरात थालीपीठ लावत होती. निशिकांत हॉलमध्ये फेऱ्या मारत राहिला. कशी सुरुवात करावी हे त्याला सुचेना, आणि मग दारात उभं राहिल्यावर त्याच्या तोंडाने तेच केलं जे त्याला येत होतं.

“महाराणीसाहेब,” तो म्हणाला, “माहेराहून निरोप आलाय.”

उल्का हसली. त्याचा घसा दाटून आला म्हणून तो खाकरला. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून त्याने भुवया वर ताणल्या. मग पुढचं बोलवेना म्हणून तो थांबला. ती आणखी हसली, म्हणाली, “सांग लवकर, करपतंय.” आणि त्याने सांगितलं तेव्हा ते हसू अजून तिच्या चेहऱ्यावर होतं. आईच्या जाण्याची बातमी तिने हसत ऐकली. दोन सेकंद, फार तर तीन.

ती भांडली नाही. पुण्याला जाऊन आली, कामावर जाऊ लागली, सगळं पूर्ववत झालं. त्या सकाळबद्दल तिने पुन्हा एक शब्द विचारला नाही आणि निशिकांतला सांगायचं धैर्य झालं नाही. फक्त ती त्याच्या विनोदावर हसेनाशी झाली. मंडळाच्या नाटकाला यायची, पुढच्या रांगेत बसायची, टाळ्याही वाजवायची. चारशे लोक हसत असायचे आणि निशिकांतला रंगमंचावरून एकच चेहरा दिसायचा. तिला एकदा हसवायचं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा उरली होती. ती हसली की ती सकाळ पुसली जाईल, असा त्याचा हिशेब होता. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला या हिशेबातली चूक दिसली नाही.

अशात ती जाहिरात आली. कॅलेफे लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तो लिम आंटी चालवते. तिने एका फ्रेंच चित्रपटाची जाहिरात टाकली. वर फ्रेंच मजकूर आणि खाली त्याचाच इंग्रजी तर्जुमा. निशिकांतने कॉलेजात असताना दोन वर्षं फ्रेंचचे वर्ग केले होते. फ्रेंचच का, तर जर्मनचा वर्ग सकाळी सातला असायचा. त्या पुंजीवर त्याला हवामानाची चौकशी करता येई आणि आपल्या आत्याचं घर मोठं आहे हे सांगता येई. तरीपण पुणेकरच तो. फ्रेंच येत असताना खालचं इंग्रजी वाचणं त्याला कमीपणाचं वाटलं.

जाहिरातीत लिहिलं होतं: पन्नाशीचा भारतीय ‘कोमेदियाँ’ हवा आहे. निशिकांतने ते तीनदा वाचलं. कॉमेडियन. फ्रान्समधून माणसं आली होती आणि त्यांना भारतीय कॉमेडियन हवा होता, तोही पन्नाशीचा. त्याला वाटलं, जाहिरातीत आपलं नाव घालायचं फक्त राहून गेलंय. त्याने लगेच अर्ज केला, आणि दोन दिवसांनी भेटायला बोलावणं आलं.

बोलावणं आलं एवढंच त्याने मंडळाच्या ग्रुपवर कळवलं. वाक्य असं होतं: “फ्रेंच चित्रपटातील विनोदी भूमिकेसाठी मला पाचारण करण्यात आले आहे.” पाचारण हा शब्द घातकी. मंडळाचे अध्यक्ष मनोहरपंत सत्तरीचे आहेत, आणि एखाद्याला डॉक्टरकडे पाचारण झालं तरी ते त्याचा सत्कार ठेवतील. रविवारी बुकित पंजांगच्या एका हॉलमध्ये दुसऱ्या कसल्या तरी कार्यक्रमाला जोडून त्यांनी निशिकांतचा सत्कार उरकला. शाल होती, श्रीफळ होतं आणि वर सांगितलेला फलक होता.

“फ्रान्समध्ये विनोदी नटांचा दुष्काळ पडला असेल,” मनोहरपंत भाषणात म्हणाले, “पण आपल्याकडे निशिकांत आहे.”

अजून निवड झालेली नाही, हे सांगायला निशिकांत उठला होता. पण शाल अंगावर होती आणि ती उबदार होती. हॉलमधला एसीही कडक होता. त्याने घसा खाकरला, भुवया उचलल्या, थांबला. लोक हसले आणि तो खाली बसला. उल्काने टाळ्या वाजवल्या.

बुधवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो भेटीला गेला. ऑफिसजवळच्याच एका बिझनेस पार्कमध्ये त्या लोकांनी खोली भाड्याने घेतली होती. दिग्दर्शिका सोलांज नावाची, पिकल्या केसांची, बारीक अंगाची बाई. सोबत कॅमेरा धरलेली एक मुलगी. निशिकांतने फ्रेंचमधून सात मिनिटांचं विनोदी स्वगत बसवून आणलं होतं. विषय असा: बाराव्या मजल्यावरून वाळत घातलेल्या कपड्यांची बाहेर काढलेली काठी निसटते आणि खालच्या प्रत्येक मजल्यावर एकेक कपडा अडकत जातो. बाराव्यापासून पहिल्यापर्यंत सगळे आकडे त्याने फ्रेंचमध्ये बिनचूक म्हटले. आठव्या मजल्यावर तर तो जमिनीवर लोळला.

दोघींपैकी कुणीही हसलं नाही. सोलांजने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि इंग्रजीत म्हणाली, “तुमच्यात उत्साह खूप आहे. पण हे तुम्ही का केलंत?”

“तुम्हाला कॉमेडियन हवा होता म्हणून.”

सोलांजने त्या मुलीकडे पाहिलं. मुलीने जाहिरात काढली आणि त्यातल्या इंग्रजी भागावर बोट ठेवलं. तिथे सरळ ‘ॲक्टर’ असं लिहिलं होतं. सोलांजने समजावलं की त्यांच्या भाषेत कोमेदियाँ म्हणजे नट, नुसता नट, रडणारा, मारणारा, मरणारा, कसलाही. हसवणाऱ्याला वेगळा शब्द आहे. निशिकांतच्या डोळ्यांपुढून शाल, श्रीफळ, मनोहरपंत आणि तो लांबलचक फलक असे ओळीने गेले. त्याचा चेहरा उतरला. त्या उतरलेल्या चेहऱ्याने तो आपली पिशवी गोळा करू लागला.

“थांबा,” सोलांज म्हणाली. “हा चेहरा ठेवा. हाच मला हवाय.”

काम छोटं होतं. ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोत, म्हणजे श्रीमंती सोसायटीत, एक फ्रेंच बाई एकटी राहते. ती स्विमिंग पूलमध्ये असताना तिच्या घरून कॉन्डोच्या ऑफिसात फोन येतो. तिचे वडील गेलेले असतात. ऑफिसातला भारतीय मॅनेजर पूलपाशी जाऊन तिला ते सांगतो. बस, एवढंच. “तुम्ही काही करायचं नाही,” सोलांजने बजावलं. “फक्त सांगायचं.”

निशिकांत हो म्हणाला आणि बाहेर येऊन जिन्यात बसला. सगळ्या जगात करण्यासारखी इतकी कामं असताना या बाईने त्याच्यापुढे हेच ठेवावं, याचं त्याला भयंकर वाईट वाटलं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. सत्कार झालेला होता.

घरी त्याने आपल्या चुकीचा किस्सा रंगवून सांगितला, लोळण्यासकट. अश्लेषा हसून हसून सोफ्यावरून खाली आली.

“पा, यू नेव्हर रीड द इंग्लिश पार्ट मेह? सो ब्लर लाह.”

ब्लर म्हणजे इथल्या भाषेत बावळट. निशिकांतने ते मान्य केलं आणि उल्काकडे पाहिलं. उल्का भाजी निवडत होती. ती हसली नाही. तिने विचारलं, “मग काम काय आहे?”

त्याने सांगितलं. सांगताना तो टेबलावरची मिठाची बरणी इकडची तिकडे करत राहिला. उल्काने निवडलेली भाजी परातीत सारली.

“करून दाखव,” ती म्हणाली.

“आत्ता?”

“मी ती बाई. सांग.”

निशिकांत उभा राहिला. त्याने घसा खाकरला. भुवया आपोआप वर निघाल्या. “मादाम,” तो म्हणाला आणि थांबला.

“हेच,” उल्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त सांगत होती. “तू आधी समोरच्याला हसायला लावतोस. मग सांगतोस. म्हणजे तुला सोपं जातं आणि ऐकणाऱ्याचं काय व्हायचं ते होतं. निशी, पुन्हा कर. खाकरू नकोस.”

तिच्याकडे बघत ते वाक्य म्हणायचं म्हणजे त्या सकाळी जे चुकलं ते आज नीट करायचं, हे दोघांनाही कळत होतं. त्याला ते करायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं ते असं: “अहो बाई, आधी पाण्यातून बाहेर या, सर्दी होईल.”

उल्काने भाजीची परात उचलली आणि ती आत गेली. आपण भित्रे आहोत हे निशिकांतला आधीपासून माहीत होतं, पण इतके, हे त्या दिवशी कळलं.

पंधरा दिवसांनी शूटिंग झालं. निशिकांतला टाय लावला होता आणि छातीवर मॅनेजर अशी पाटी. पहिल्या खेपेला त्याने घसा खाकरला. दुसऱ्या खेपेला भुवया वर गेल्या. तिसऱ्या खेपेला त्याने दोन्ही गोष्टी आवरल्या, पण त्याचं एरंडवण्याचं फ्रेंच ऐकून त्या नटीचेच ओठ थरथरले आणि तिने टॉवेलमध्ये तोंड लपवलं. सोलांज खुर्चीवरून उठून आली.

“फ्रेंच राहू द्या,” ती म्हणाली. “घरी जी भाषा बोलता तीत सांगा. तिला शब्द कळले नाहीत तरी चालेल, आम्ही खाली पट्टी देऊ.”

चौथ्या खेपेला नटी पाण्यातून वर आली. केस निथळत होते. तिने टॉवेल घेतला आणि निशिकांतकडे बघून ओळखीचं, सहज हसली, कारण तिला अजून काही माहीत नव्हतं. हे हसू आपल्यामुळे आणखी वाढता कामा नये, एवढंच त्याला वाटलं. तो थांबला नाही, खाकरला नाही. त्याने सांगून टाकलं. मग हात कुठे ठेवावेत ते न कळून तो तसाच उभा राहिला. पूलच्या काठावर कुणी हललं नाही. सोलांजने मान हलवली आणि सगळे पुढच्या कामाला लागले.

परतीच्या बसमध्ये, अर्ध्या वाटेवर, आपण नेमकं काय बोललो ते त्याला आठवलं. तो सीटवरून जवळजवळ उठलाच. तिथे मराठी कळणारं कुणीही नव्हतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सोलांजला फोन करून चूक कळवावी, असं सगळ्यात आधी त्याच्या मनात आलं, पोटापाण्याची सवयच ती. पण कळवलं असतं तर पुन्हा करावं लागलं असतं, आणि पुन्हा त्याला जमलं नसतं. त्याने फोन खिशात ठेवला. प्रवेश कापला जाईल, अशी आशा त्याने धरली. आजवर त्याची प्रत्येक गोष्ट कापली गेली होती.

ही मात्र राहिली. वर्षभराने तो चित्रपट इथल्या एका महोत्सवात लागला. मनोहरपंतांनी मंडळासाठी अडीच रांगा अडवल्या. निशिकांतने बरीच कारणं काढून पाहिली, तापसुद्धा आणून पाहिला, पण ज्याचा सत्कार झाला त्याला घरी बसता येत नाही. शेवटी तो उल्का आणि मनोहरपंत यांच्यामध्ये अंग चोरून बसला. पुढच्या रांगांत बरेच फ्रेंच लोक होते.

एक तास दहा मिनिटांनी पडद्यावर टाय लावलेला निशिकांत आला. मंडळाच्या अडीच रांगांत खसखस पिकली, कुणीतरी शिट्टी मारली. त्याने काही करण्याआधीच लोक हसायला तयार होते. त्यात काही नवं नव्हतं. पडद्यावरचा निशिकांत पूलपाशी गेला, त्या ओलेत्या फ्रेंच बाईसमोर उभा राहिला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला:

“आई गेल्या. आज पहाटे गेल्या. सुबोधचा फोन होता.”

खाली पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी पट्टी उमटली: तुमचे वडील आज सकाळी गेले, तुमच्या भावाचा फोन होता.

अडीच रांगा फुटल्या. फ्रेंच बाई, तिचे वडील, आणि फोन करणारा सुबोध. कुणी गुडघ्यांवर हात मारत होतं, कुणी डोळे पुसत होतं. सोळा वर्षांत निशिकांतला एवढा मोठा हशा मिळाला नव्हता. पुढचे फ्रेंच लोक वळून रागाने पाहू लागले. मनोहरपंत त्याच्या कानाशी वाकले, त्यांना श्वास पुरत नव्हता.

“निशिकांत, अरे वडील, वडील. आणि हा सुबोध कोण?”

हे सगळे आत्ताच्या आत्ता गप्प व्हावेत असं निशिकांतला वाटत होतं, आणि प्रेक्षकांबद्दल असं त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं. त्याने धीर करून डावीकडे पाहिलं. उल्का ताठ बसली होती. पडद्यावर दुसरा प्रवेश सुरू झाला होता, तरी ती तिथेच बघत होती. तिचे गाल ओले होते. ती हसत नव्हती.

“सुबोधचा फोन आला तेव्हा किती वाजले होते?” तिने त्याच्याकडे न बघता विचारलं.

“सव्वानऊ,” तो म्हणाला.

“मग मला कधी सांगितलंस?”

“दहाला पाच कमी होते. मला सांगता येत नव्हतं, उल्का.”

ती पुढच्या प्रश्नासाठी त्याच्याकडे वळली.